पाच सालं, एक उतारा: कर्सर लूपच्या कामावर तीन फुकट डेटाबेसची पारख

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीचा हिशेब आर्थिक वर्षात मावत नाही. मृगबाग जून-जुलैत लागते आणि कापली जाते पुढच्या उन्हाळ्यात. कांदेबाग ऑक्टोबरच्या आसपास लागते, तीही 31 मार्च ओलांडल्याशिवाय हातात येत नाही. म्हणजे खताला, ठिबकच्या नळ्यांना घेतलेली उचल एका सालात आणि माल दुसऱ्या सालात. पेढ्यांवर चालणारी बरीच हिशेबाची सॉफ्टवेअरं मात्र दर 1 एप्रिलला नवा डेटाबेस उघडून मोकळी होतात. मग शेतकरी पेढीवर येऊन म्हणतो, "भाऊ, माझा पाच सालांचा उतारा एकाच कागदावर द्या," आणि प्रोग्रामरला पाच डेटाबेसवरून कर्सर, म्हणजे यादीतली एकेक नोंद उचलून देणारं डेटाबेसचं साधन, फिरवावा लागतो.

इथे पारख आहे ती एवढ्याच कामाची: सालागणिक लूप फिरवायचा, प्रत्येक फेरीत ओळी काढायच्या आणि शेवटी सगळ्या ओळींचा एकच निकाल प्रिंटरकडे पाठवायचा. पारखायला घेतलेत एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस, मायएसक्यूएल कम्युनिटी आणि पोस्टग्रेएसक्यूएल. तिघंही फुकट, तिघंही साध्या ऑफिस पीसीवर चालणारे. बाकी गोष्टींवर भरपूर लिहिलं जातं, या एका कामावर फार कमी.

आधी दुखणं काय ते. लूपच्या आत साधं सिलेक्ट लिहिलं की प्रत्येक फेरीला एक स्वतंत्र निकाल तयार होतो, स्वतःच्या शीर्षकांसकट. पाच फेऱ्या, पाच निकाल. डेटाबेस ते आपणहून कधीच जोडत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओत (क्वेरी चालवून बघायच्या प्रोग्राममध्ये) पाच ग्रिड एकाखाली एक दिसतात, म्हणून लिहिणाऱ्याला वाटतं काम झालं. पण रिपोर्ट सहसा पहिलाच निकाल वाचतो. एसक्यूएल सर्व्हरची रिपोर्टिंग सर्व्हिसेस तर फक्त पहिलाच वाचते. कागदावर एकच साल उतरतं आणि शिव्या प्रिंटरला बसतात. डॉटनेटमध्ये नेक्स्टरिझल्ट म्हणत पुढचे निकाल वाचता येतात, पण मग क्रम लावणं, चालू बाकी काढणं हे सगळं प्रोग्रामच्या गळ्यात. शिवाय स्टुडिओचं ग्रिड 100 निकालांपुढे दाखवणंच थांबवतं. त्यामुळे सालांऐवजी शेतकऱ्यांवर लूप फिरवला, तर तपासतानाही पूर्ण चित्र दिसत नाही.

उपाय तिन्हीकडे मुळात एकच: लूपच्या बाहेर गोळा करायचं टेबल, आत फक्त इन्सर्ट, लूप संपल्यावर एक सिलेक्ट. कोणता डेटाबेस हे किती सरळ करू देतो आणि कुठे गुपचूप दगा देतो, फरक तिथे पडतो.

एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस

खान्देशात पेढी, जिनिंग, डाळमिल कुठेही गेलात तरी विंडोज मशीनवर हा सापडतोच. 2022 आवृत्तीपर्यंत एक्स्प्रेसला एका डेटाबेसमागे 10 जीबीची मर्यादा आहे, बफरसाठी साधारण 1,410 एमबी मेमरी मिळते आणि प्रोसेसर एक सॉकेट किंवा चार कोर, यातलं जे कमी तेवढंच वापरता येतं. सालागणिक डेटाबेस वेगळा असेल तर 10 जीबी पेढीला जन्मात पुरतात. गोळा करायचं टेबल टेम्पडीबीत (सर्व्हरच्या तात्पुरत्या कामाच्या डेटाबेसात) जातं आणि टेम्पडीबी या मर्यादेत धरत नाहीत.

प्रोसिजरची (डेटाबेसातच साठवलेल्या प्रोग्रामची) पहिली ओळ सेट नोकाउंट ऑन. ही विसरली की प्रत्येक इन्सर्टमागे 'इतक्या ओळी' असा संदेश क्लायंटकडे जातो. जुन्या व्हीबी-एडीओच्या प्रोग्रामला तोच पहिला निकाल वाटतो, आणि बंद ऑब्जेक्टवर ही क्रिया करता येत नाही, अशी 3704 नंबरची चूक येते. जुन्या वजनकाट्यांचे प्रोग्राम अजून व्हीबीत असतील, तर आधी इथेच बघा.

मग टेबल. नाव #उतारा धरू (# म्हणजे तात्पुरतं टेबल). रकाने हाताने लिहून क्रिएट करा: क्रम आयडेंटिटी, साल एनव्हारचार 7, तारीख डेट, तपशील एनव्हारचार 200, वजन डेसिमल 10,2, नावे आणि जमा दोन्ही डेसिमल 14,2. पहिल्या सालावर सिलेक्ट इन्टू करून टेबल आपोआप बनवायचा मोह आवरा. पहिल्या सालात तपशील 50 अक्षरांचा असेल तर रकानाही 50 चाच होतो आणि तिसऱ्या सालातला लांब तपशील आला की इन्सर्ट अडतो. 2019 च्या आधी 8152 ही चूक नुसतं 'कापलं जाईल' म्हणायची, कुठलं ते सांगायची नाही. 2019 पासून, कंपॅटिबिलिटी लेव्हल 150 असेल तर, 2628 येते आणि टेबल, रकाना, मजकूर सगळं सांगते. जुन्या सर्व्हरवरून रिस्टोअर केलेल्या डेटाबेसची लेव्हल जुनीच राहते. ती वाढवली की शोधाशोधीचे तास वाचतात.

मजकुराचा रकाना एनव्हारचारच हवा आणि मराठी अक्षरं थेट लिहिताना अवतरणाआधी एन हवाच. नाहीतर 'चिनावल'च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. रकान्याला कोलेट डेटाबेस_डिफॉल्ट हेही जोडा. कारण #टेबल टेम्पडीबीची कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम) घेतं आणि दुसऱ्या मशीनवरून आणलेल्या डेटाबेसची कोलेशन वेगळी असू शकते. गोळा करताना काही बोलत नाही. गावाच्या नावावर जॉइन लावला की मग 468 नंबरची चूक तोंड वर काढते.

कर्सर लोकल स्टॅटिक ठेवा. लोकल लिहिलं नाही तर तो मुळात ग्लोबल धरला जातो. प्रोसिजर मध्येच पडली की कनेक्शनवर तसाच उरतो आणि पुढच्या वेळी 'या नावाचा कर्सर आधीच आहे' म्हणून 16915. बाकी कामांना फास्ट_फॉरवर्ड चांगलाच, पण इथे यादी सिस.डेटाबेसेस मधून येते. लूप चालू असताना ती हलू नये म्हणून स्टॅटिक. या कामासाठी एसपी_एमएसफॉरईचडीबी नावाची एक तयार प्रोसिजर फिरते. तिच्या नादी लागू नका. ती अधिकृत नाही आणि अधूनमधून एखादा डेटाबेस न सांगता गाळते अशी तिची ख्याती आहे. उताऱ्यात एक साल गळणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

यादीची अट लिहिताना नावात खालची रेघ असेल तर ती लाइकमध्ये चौकोनी कंसात घाला, कारण लाइकला ती रेघ म्हणजे 'कुठलंही एक अक्षर'. केळी_2023 शोधताना केळीX2023 सारखं भलतंच काही नको यायला. सोबत स्टेट शून्य, म्हणजे डेटाबेस ऑनलाइन, आणि हॅज_डीबीअ‍ॅक्सेस एक, या दोन अटी. ऑफलाइन ठेवलेलं जुनं साल लूपमध्ये आलं की सगळा उतारा कोसळतो.

फेरीच्या आतल्या क्वेरीचा मजकूर डायनॅमिकच, म्हणजे चालवतानाच जोडून बनवलेला, लागतो, कारण डेटाबेसचं नाव व्हेरिएबलमधून थेट देता येत नाही. नाव कोटनेममधून घाला, शेतकऱ्याचा खाते क्रमांक मात्र एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएलला पॅरामीटर म्हणून द्या, मजकुरात चिकटवू नका. मजकुराचं व्हेरिएबल एनव्हारचार मॅक्स असूनही कधी 4,000 अक्षरांवर कापलं जातं. जोडले जाणारे तुकडे सगळे लहान प्रकाराचे असले की बेरीजही लहानच होते. पहिला तुकडा मॅक्स म्हणून कास्ट केला की प्रश्न मिटतो.

इन्सर्ट कुठे लिहायचा याला दोन वाटा. एक, बाहेरून: इन्सर्ट #उतारा एक्झेक. दुसरी, डायनॅमिक मजकुराच्या आतच: इन्सर्ट इन्टू #उतारा (साल, तारीख, …) सिलेक्ट…. दुसरीच घ्या. बाहेर तयार केलेलं #टेबल आतल्या मजकुराला दिसतं. उलट मात्र नाही: आत तयार केलेलं #टेबल एक्झेक संपताच नाहीसं होतं, आणि बाहेरचं टेबल व्हेरिएबल आत दिसतच नाही. पहिल्या वाटेची खोड अशी की इन्सर्ट-एक्झेक एकात एक बसत नाही. तुमची प्रोसिजर उद्या दुसऱ्या कुणी इन्सर्ट-एक्झेकने बोलावली की 8164. आतल्या प्रोसिजरने रोलबॅक केला तर 3915. आणि रकान्यांची संख्या एकाने चुकली तर 213. पण दुसऱ्याने लिहिलेली, हात लावता येत नाही अशी प्रोसिजर सालागणिक चालवायची असेल, तर मग इन्सर्ट-एक्झेकला पर्याय नाही.

फेच नेक्स्ट दोनदा लागतो: लूपच्या आधी एक आणि फेरीच्या अगदी शेवटी एक. मध्ये कंटिन्यू टाकून शेवटचा फेच ओलांडला की तेच साल अनंतकाळ गोळा होत राहतं आणि टेम्पडीबी डिस्क भरेपर्यंत फुगतो. @@फेच_स्टेटस हा एका कनेक्शनवरच्या सगळ्या कर्सरना मिळून एकच असतो. फेरीत दुसरा कर्सर चालवला तर बाहेरचा लूप त्याच्या उत्तरावर थांबतो किंवा चालतो. म्हणून तपास नेहमी फेचच्या लगेच पुढे.

प्रत्येक सालाभोवती ट्राय-कॅच घाला. 2021 च्या डेटाबेसमध्ये वाहतूक कपातीचा रकानाच नसेल तर चूक डायनॅमिक मजकुरात होते, म्हणून ती बाहेरच्या कॅचमध्ये नीट पकडली जाते. कॅचमध्ये गप्प बसू नका. सालाचं नाव आणि एरर_मेसेज वेगळ्या टेबलात लिहा आणि ते कागदाच्या तळाशी छापा: "2021-22 वाचता आलं नाही." रकाना आहे की नाही हे आधीच बघायचं तर कोल_लेंग्थला तीन तुकड्यांचं नाव द्या. उत्तर नल (मूल्यच नाही) आलं तर रकाना नाही, मग मजकुरात त्या जागी शून्य घाला.

शेवटी क्लोज, डिअ‍ॅलोकेट आणि मग तो एकच सिलेक्ट. ऑर्डर बाय लिहायलाच हवं. ज्या क्रमाने इन्सर्ट केलं त्याच क्रमाने ओळी येतील असं डेटाबेसने कुठे कबूल केलेलं नाही. बहुतेकदा येतात, म्हणूनच माणूस फसतो. चालू बाकीसाठी 2012 पासून सम ओव्हर आहे, पण त्यात 'रोज (ROWS) अनबाउंडेड प्रिसीडिंग' स्पष्ट लिहा. नाही लिहिलं तर तो रेंज धरतो: एका तारखेच्या चार ओळी असतील तर चारहींपुढे दिवसअखेरची एकच बाकी छापतो, आणि वर संथही चालतो. क्रमात तारखेपाठोपाठ क्रम रकानाही द्या.

एकच खड्डा, तीन तऱ्हा

तिघांचे स्वभाव एका प्रसंगात दिसतात. फेरीच्या आत त्या सालाचा हमालीचा दर एका व्हेरिएबलमध्ये वाचायचा आहे आणि एका सालात दराची नोंदच नाही.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'सिलेक्ट @दर = दर फ्रॉम…' ला ओळ मिळाली नाही तर व्हेरिएबलला हातही लागत नाही. मागच्या सालाचा दर तसाच राहतो आणि या सालाची हमाली मागच्या दराने कापली जाते. चूक येत नाही, कागद सुबक छापला जातो. डिक्लेअर लूपच्या आत लिहिला म्हणून व्हेरिएबल कोरं होईल असंही नाही. 'डिक्लेअर @दर डेसिमल(8,2) = नल' असं मूल्यासकट लिहिलं तरच दर फेरीला कोरं होतं. आत डिक्लेअर केलेलं टेबल व्हेरिएबलही फेरीगणिक रिकामं होत नाही, आधीच्या ओळी घेऊनच पुढे जातं.

मायएसक्यूएलमध्ये याहून वाईट. तिथे लूप थांबवायला कंटिन्यू हँडलर फॉर नॉट फाउंड लावतात आणि तो 'संपलं' हे निशाण एक करतो. दराच्या सिलेक्ट इन्टूला ओळ मिळाली नाही की तोच हँडलर पेटतो. कर्सरमध्ये अजून दोन सालं शिल्लक असतात, पण लूप आटोपतो. उताऱ्यात शेवटची सालं नाहीत आणि चूक म्हणून कुठे एक अक्षर नाही.

पोस्टग्रेमध्ये सिलेक्ट इन्टूला ओळ नाही मिळाली तर व्हेरिएबल नल होतं आणि लूप पुढे जातो. हमाली नल, म्हणून रक्कम नल, म्हणून कागदावर रिकामी जागा. ती जागा लगेच डोळ्यात भरते. नसेल तर चूकच यावी असं वाटत असेल तर स्ट्रिक्ट हा शब्द जोडायचा.

तिघांनाही चालणारी युक्ती: नुसता दर न वाचता मॅक्स(दर) वाचा. ओळ नसली तरी मॅक्स एक नल ओळ देतोच, म्हणजे जुना दर चिकटत नाही आणि हँडलरही पेटत नाही.

मायएसक्यूएल

पीएचपीवर बांधलेल्या, जळगाव-भुसावळच्या सर्व्हिसवाल्यांनी बसवलेल्या सॉफ्टवेअरमागे हाच असतो, किंवा झॅम्प या पीएचपीच्या तयार पॅकेजबरोबर आलेला त्याचा भाऊबंद मारियाडीबी. सालांच्या कामाला याचा एक मोठा फायदा: इथे डेटाबेस आणि स्कीमा (डेटाबेसच्या आतला टेबलांचा गट) एकच, त्यामुळे केळी_2023.पट्टी असं नाव थेट चालतं.

पण कर्सरच्या बाबतीत हा सर्वांत हट्टी. डिक्लेअरचा क्रम ठरलेला: आधी व्हेरिएबल, मग कर्सर, मग हँडलर, इकडचं तिकडे केलं की प्रोसिजर बनतच नाही. डायनॅमिक मजकुरावर कर्सर उघडता येत नाही. प्रिपेअर फक्त @ लावलेल्या यूझर व्हेरिएबलमधला मजकूर घेतो, प्रोसिजरच्या लोकल व्हेरिएबलमधला नाही. फेरीच्या शेवटी डिअ‍ॅलोकेट प्रिपेअर लिहा.

लूप रिपीट-अनटिल घेतला आणि फेचनंतर लगेच निशाण तपासलं नाही, तर शेवटचं साल दोनदा गोळा होतं: फेच हुकतो, व्हेरिएबलमध्ये जुनंच नाव असतं, इन्सर्ट मात्र होऊन जातो. लूपला लेबल द्या, फेचनंतर लगेच 'इफ संपलं देन लीव्ह' लिहा.

टेम्पररी टेबल कनेक्शन असेपर्यंत जगतं. कनेक्शन पूलमधून पुन्हा तेच कनेक्शन हाती आलं की मागच्या शेतकऱ्याच्या ओळी आत बसलेल्या असतात. म्हणून सुरुवातीला ड्रॉप टेम्पररी टेबल इफ एक्झिस्ट्स. त्यात टेम्पररी हा शब्द गाळू नका, नाहीतर त्याच नावाचं खरं टेबल उडेल. शिवाय एका क्वेरीत एक टेम्पररी टेबल दोनदा वापरता येत नाही, 1137 येते. उतारा आणि त्याची बेरीज एकाच क्वेरीत युनियन करणाऱ्यांना हा फटका हमखास. बेरजेला विथ रोलअप वापरा म्हणजे टेबल एकदाच लागतं.

सालभरातल्या गाड्यांचे नंबर एका रकान्यात स्वल्पविरामांनी जोडायचे असतील तर ग्रुप_कॉन्कॅट आहे, पण त्याची मुळातली मर्यादा 1,024 बाइट. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे मराठी मजकूर 341 चिन्हांवर कापला जाणार, तोही फक्त एक वॉर्निंग देऊन. आधी सेट सेशन ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन वाढवा. मारियाडीबीत 10.2.4 पासून ही मर्यादा दहा लाखांवर आहे, त्यामुळे झॅम्पवर चाललेलं गिऱ्हाइकाच्या मायएसक्यूएलवर कापलं जातं आणि कारण सापडत नाही. एसक्यूएल सर्व्हरमधल्या स्ट्रिंग_अ‍ॅगलाही 8,000 बाइटची सीमा आहे, पण तो निदान 9829 देऊन थांबतो. मजकूर एनव्हारचार मॅक्स केला की चालतो.

लूपमध्ये सिलेक्ट राहून गेलं तर पीएचपीत 'कमांड्स आउट ऑफ सिंक' दिसेल. न वाचलेले निकाल रांगेत असताना पुढची क्वेरी पाठवल्याचं ते लक्षण. आतलं सिलेक्ट काढणं हाच खरा उपाय.

पोस्टग्रेएसक्यूएल

या कामाची कारागिरी बघायची तर इथे. गोळा करायचं टेबलच लागत नाही. फंक्शनला रिटर्न्स टेबल म्हणून रकाने सांगायचे, फॉर लूपमध्ये सालं फिरवायची आणि आत एकच ओळ: रिटर्न क्वेरी एक्झिक्यूट फॉरमॅट(…, साल) यूझिंग खाते. फॉरमॅटमधलं टक्का-आय नाव नीट अवतरणात घालतं. प्रत्येक फेरीच्या ओळी मागच्या ओळींना आपोआप जोडल्या जातात आणि बाहेरून सिलेक्ट स्टार फ्रॉम उतारा(214) म्हटलं की एक निकाल. कर्सर उघडणं, मिटवणं, फेचची स्थिती, काही नाही. एकेक ओळ तपासून सोडायची असेल तर रिटर्न नेक्स्ट.

अडतो कुठे? प्रकार काटेकोर जुळावे लागतात. फंक्शनमध्ये टेक्स्ट लिहिलंय आणि टेबलात व्हारचार आहे तर 'क्वेरीची रचना निकालाच्या प्रकाराशी जुळत नाही' म्हणून काम थांबतं. इंटिजरची बेरीज बिगइंट होते, बिगइंटची न्यूमेरिक. घडांची संख्या बेरीज करून इंटिजर रकान्यात द्यायला गेलात की अडकलात. प्रत्येक रकाना कास्ट करून टाकावा. दुसरं, रिटर्न्स टेबलमधल्या रकान्याचं नाव तारीख आणि खऱ्या टेबलातही तारीख असेल तर फंक्शनमधल्या साध्या क्वेरीत 'संदिग्ध' म्हणून चूक. टेबलाला टोपणनाव देऊन प.तारीख लिहा. आणि सगळ्या ओळी गोळा होईपर्यंत पहिली ओळही बाहेर येत नाही. पेढीच्या उताऱ्याला त्याचं काही वाटत नाही, लाखो ओळींना वाटेल.

आता मुद्द्याचं. पोस्टग्रे एका डेटाबेसमधून दुसऱ्या डेटाबेसच्या टेबलाला हात लावू देत नाही. तीन तुकड्यांचं नाव लिहिलं की सरळ नकार. पोस्टग्रेस_एफडीडब्ल्यू किंवा डीबीलिंक लावून करता येतं, पण दर सालाला सर्व्हर, यूझर मॅपिंग, फॉरेन टेबलं हा पसारा. म्हणून सालागणिक डेटाबेस न करता एकाच डेटाबेसमध्ये सालागणिक स्कीमा करा. सॉफ्टवेअर नव्याने बांधत असाल तर हाच आमचा पहिला पसंतीक्रम. जुनं चालू असेल तर फक्त या एका रिपोर्टसाठी पोस्टग्रेकडे वळणं शहाणपणाचं नाही. नावं मराठीत ठेवायची हौस असेल तर लक्षात ठेवा, नावाची मर्यादा 63 बाइट, म्हणजे देवनागरीची 21 चिन्हं.

डेटाबेस कुठलाही असो

लूप बरोबर, एकच निकाल, तरी आकडा चुकतो. त्याचं पहिलं कारण आरंभीची बाकी. दर सालाच्या डेटाबेसमध्ये 1 एप्रिलची मागील बाकीची नोंद असते. शेतकऱ्याने 2022-23 मध्ये 60,000 ची उचल घेतली आणि नंतर काहीच व्यवहार झाला नाही, तर तीच रक्कम 2023-24 आणि 2024-25 मध्ये आरंभीची बाकी म्हणून पुन्हा बसलेली असते. तिन्ही सालं जोडली की नावे 1,80,000. कागद बघून आबा पेढीवरच बसून राहतील. आरंभीची नोंद फक्त उताऱ्याच्या पहिल्या सालातून घ्या, बाकी सालांतून व्यवहाराच्या प्रकारावरून गाळा. तपशिलातल्या 'मागील बाकी' या शब्दांवरून गाळू नका, कुणी 'मा. बाकी' लिहितं, कुणी 'शिल्लक'.

दुसरं, खाते क्रमांक. नव्या सालात खाती नव्याने भरली असतील तर 214 नंबर एका साली निंभोऱ्याच्या शेतकऱ्याचा आणि पुढच्या साली खिरोद्याच्या भलत्याच माणसाचा निघू शकतो. कायम क्रमांक, साल आणि त्या सालातला खाते क्रमांक असं तीन रकान्यांचं जुळणी टेबल करा आणि लूपमध्ये त्यातूनच क्रमांक घ्या. नावावरून जुळवणं टाळा. एका गावात एकाच नावाचे तिघं निघतात.

तिसरं, युनियन आणि युनियन ऑल. एकाच दिवशी एकाच शेतातून दोन ट्रॅक्टर निघाले, दोन्हींचं वजन 32 क्विंटल, भाव 1,350. दोन्ही ओळी 43,200 च्या. काढलेल्या रकान्यांत पावती नंबर नसेल तर नुसता युनियन त्यातली एक ओळ सारखी म्हणून फेकतो. शेतकऱ्याचे 43,200 गेले. हिशेबात युनियन ऑलच, आणि पावती नंबर सोबत.

हे वाचून कुणी विचारेल, मग लूप हवाच कशाला? बरोबर आहे. एका सालाच्या आत, शेतकऱ्यागणिक बेरजेसाठी कर्सर फिरवणं हा निव्वळ आळस. तिथे ग्रुप बाय पुरतो. सालांच्या बाबतीतही एसक्यूएल सर्व्हर आणि मायएसक्यूएलवर एक कायमचा व्ह्यू बांधता येतो: पाच सिलेक्ट, मध्ये युनियन ऑल, आणि दर 1 एप्रिलला त्यात एका सालाची भर. रिपोर्ट मग व्ह्यूवरून साध्या अटीने चालतो, ऑप्टिमायझरलाही काम सोपं जातं. पण पाचातला एक डेटाबेस ऑफलाइन गेला की अख्खा व्ह्यू बंद, आणि एसक्यूएल सर्व्हरवर कोलेशन वेगळ्या असतील तर मजकुराच्या प्रत्येक रकान्याला कोलेट लावावं लागतं. लूप निदान चार सालं देतो आणि पाचवं वाचता आलं नाही असं सांगतो. रोजच्या उताऱ्याला व्ह्यू, भांडणाच्या वेळी लूप, अशी वाटणी पेढीवर चालते. व्ह्यूचा मजकूर बनवायलाही सालांचा तोच लूप वापरता येतो, म्हणजे एप्रिलमध्ये हाताने लिहायचं काम नाही.

भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा लूप अर्ध्यात तुटला तरी डेटाला धक्का लागत नाही, कारण आपण फक्त वाचत असतो. टेम्पडीबी सर्व्हर सुरू होताना नव्याने बनतो. गोळा करायला कायमचं टेबल वापरत असाल तर मात्र अर्ध्या ओळी तशाच राहतात आणि पुढच्या उताऱ्यात मिसळतात. म्हणून कायमचं टेबल नकोच, हवंच असेल तर प्रत्येक वेळी सुरुवातीला रिकामं करा.

कागद हातात देण्याआधी एक जुळणी: #उतारा मधून सालागणिक ओळींची संख्या आणि नावे-जमाची बेरीज काढा, आणि त्या-त्या सालाच्या खतावणीतली आखरी बाकी शेजारी ठेवा. आरंभीची बाकी एकदाच धरलेली असल्यामुळे प्रत्येक सालाअखेरची चालू बाकी त्या सालाच्या आखरी बाकीशी रुपयापर्यंत जुळायला हवी. ज्या सालात पहिल्यांदा फरक पडतो, चूक त्याच सालात असते. फरक आरंभीच्या बाकीएवढा असेल तर गाळणीची अट बघा, एका पावतीएवढा असेल तर युनियन बघा, आणि फरक हमालीच्या पटीत असेल तर फेरीतलं दराचं व्हेरिएबल.